बिनआवाजाची गाडी

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. माझ्या ऑफिसची खिडकी खोपटच्या एसटी डेपोवर उघडते. गाड्या सुटायच्या आधी ड्रायव्हर इंजिन चालू करून खाली चहाला जातात, आणि ती घरघर खिडकीच्या गजांतून, टेबलाच्या पायांतून, माझ्या पाण्याच्या ग्लासातून येत राहते. ऑफिसात नवीन आलेलं माणूस आठवडाभर कुरकुर करतं. मला त्या आवाजाचं काही वाटत नाही. तो मधेच थांबला की मात्र मी मान वर करून पाहते.

पलीकडच्या गच्चीवर सध्या एक मुलगी असते. हातात वही, ओठ हलतायत, कठड्यापर्यंत जायचं, वळायचं, टाकीपर्यंत यायचं, वळायचं. उन्हाने तिचा चेहरा लाल झालेला असतो तरी ती सावलीत थांबत नाही. तिला पाहून टेबलाखाली माझे पाय हलायला लागतात. माझ्या परीक्षा संपून कितीतरी वर्षं झाली. पण हा महिना आला, हवेत तो कोरडा, धुळकट वास आला, की काहीतरी अर्धवट राहिलंय आणि मुदत जवळ येतेय असं वाटत राहतं. कुठली मुदत, ते मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो. चार मजल्यांची बिल्डिंग, खाली खांबांवर मोकळी जागा. तिथे स्कूटरी, एक तुटका पाळणा, आणि शेवटच्या दोन खांबांच्या मधे बाबांची गाडी. गाडी म्हणजे दोन माणसांची, बसकी, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. रंग एकेकाळी गर्द हिरवा असणार. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथले जुने साहेब कायमचे परदेशी गेले तेव्हा ही गाडी गोदामात पडून होती. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून तिचं इंजिन जाम झालेलं. जाता जाता साहेबांनी ती बाबांना देऊन टाकली. बाबांनी ती टेंपोमागे दोरी बांधून ठाण्याहून डोंबिवलीला आणली. टेंपो पुढे, आणि मागे स्टिअरिंग धरून, शर्टाचं वरचं बटण लावून, एकदम ताठ बसलेले बाबा. मी नेमकी तेव्हा शाळेच्या बसमधून उतरत होते. इंग्लिश मीडियमचा टाय, पाठीला दप्तर, आणि सगळी बस खिडक्यांना लटकून बघतेय. मी मान खाली घालून पुढे निघून गेले होते.

मग ती गाडी वर्षानुवर्षं तशीच उभी राहिली. बायका तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायच्या, कारण दुपारचं ऊन बरोबर तिथे यायचं. मांजरी सीटखाली व्यायच्या. मासे घेऊन येणारी खाडीकडची एक मावशी तिच्या सावलीत पाटी उतरवून बसायची. सुनंदामावशी तिचं नाव. बाबा रविवारी गाडी पुसायचे. पुसून झालं की जरा लांब उभे राहून बघायचे. बस, एवढंच.

मी टीवायला होते त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं.

पहिले काही आठवडे ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि मग कुठे जायचं ते ठरत नसल्यामुळे जिना चढायचे. चार मजले चढून गच्चीवर, तिथून खाली, परत वर. मी आत फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि मला त्यांच्या चपलांवरून कळायचं की आता दुसरा मजला, आता तिसरा. त्यांची फेरी वर गेली की मी एक परिच्छेद वाचायचे, खाली आली की तोच परत वाचायचे. घरात कुणी कुणाशी भांडत नव्हतं. नुसती सगळ्यांची हालचाल वाढली होती. आई तर एकदा घासलेली भांडी परत घासायला घ्यायची.

त्यात सोसायटीची मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी प्रधानकाका. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य जणू टाइप करून आणलंय. गाडीमुळे उंदीर होतात, मुलांना पत्रा लागतो, अशा तक्रारी झाल्यावर ते बाबांकडे वळून म्हणाले, "हे पाहा, गुढीपाडव्यापर्यंत ही वस्तू स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या शक्तीने गेटबाहेर पडली, तर ती गाडी. नाही पडली तर ते भंगार. आणि भंगारासाठी सोसायटीत जागा नाही."

लोक हसले. बाबांनी मान डावीकडे थोडी वळवून ऐकलं, आणि "चालेल" म्हणाले.

ही मुदत आईनेच मागून घेतली होती, हे मला फार पुढे कळलं. खुद्द प्रधानकाकांनीच एका लग्नात, जेवणाच्या रांगेत मला सांगितलं. मीटिंगच्या आदल्या दिवशी आई त्यांच्याकडे गेली होती आणि म्हणाली होती, तुम्ही तारीख घाला, त्याशिवाय हे जिन्यावरून खाली यायचे नाहीत. मी त्या रांगेत रिकामं ताट हातात धरून उभी राहिले. आईला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारत नाहीत.

जुनं इंजिन दुरुस्त होणारं नव्हतंच. त्याचे भाग विलायतेत तरी मिळत असतील की नाही, देव जाणे. आठवडाभर बाबा गाडीभोवती फिरले आणि एक दिवस जेवताना म्हणाले, पेट्रोलचं इंजिन मला कळत नाही, मोटर कळते. आंबिवलीच्या बाजूला एक बंद पडलेला कारखाना मोडीत निघाला होता. तिथे माल उचलायची बॅटरीवरची फोर्कलिफ्ट होती. तिची मोटर बाबांनी मिळवली. हातगाडीवरून ती जिन्याशी आली तेव्हा आईने नुसतं विचारलं, ही घरात येणार आहे का. बाबा म्हणाले, नाही. मग ती आठ दिवस आमच्या दिवाणाखाली होती.

मोटर गाडीत कशी बसवायची, यावर इंग्रजीत लिहिलेलं एक झेरॉक्स पुस्तक बाबांच्या आखातातल्या एका दोस्ताने पाठवलं होतं. कुठल्याशा अमेरिकन माणसाने आपल्या घराच्या आवारात स्वतःची गाडी अशी बदलली होती, त्याची हकिगत आणि आकृत्या. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, पण अडखळत. म्हणून मी वाचायचे. कॉलेजातून आलं, की पाण्याचा तांब्या आणि ते पुस्तक घेऊन खाली जायचं. बाबा गाडीखाली सरकलेले, त्यांचे फक्त पाय बाहेर. मी जमिनीवर चवड्यांवर बसून इंग्रजी वाक्य मनात वाचायचे, मराठीत सांगायचे. शब्द सापडायचे नाहीत. स्पॅनरला पाना म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. कॉलेजात मी मोटरची सगळी सूत्रं मांडू शकत होते, पण ही दिवाणाखालची मोटर इतकी जड असते आणि तिला जुन्या ग्रीसचा असा गोडसर वास येतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की डावीकडून वाचलं तर ते "हं" म्हणतात आणि वेगळंच काहीतरी करतात. उजवीकडून वाचलं, जरा मोठ्याने, तर बरोबर करतात. प्रेसच्या खात्यात वीस-बावीस वर्षं काढली होती त्यांनी. लोखंडाच्या पत्र्यावर दिवसभर पडणारा तो घण मी एकदा ऐकलाय, कारखान्याच्या पूजेला गेले होते तेव्हा. छातीत वाजतो तो. बाबांचा डावा कान गेला होता आणि उजवाही जायच्या वाटेवर होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. ठाण्याला दोन-तीन ठिकाणी नोकरीसाठी ते जाऊन आले होते आणि प्रत्येक ठिकाणी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचं याचा विचार करून बसले असणार. मला ते कळलंय हे त्यांना माहीत होतं. मी उजवीकडे बसले की ते तिथला पान्यांचा डबा सरकवून मला जागा करून द्यायचे. एवढ्यावर आमचं भागायचं.

मी स्वतः फार बोलणारी नव्हते. आजही नाही. शाळेत इंग्रजी, बिल्डिंगमध्ये मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि प्रत्येक ठिकाणी आपलं वाक्य चुकेल या भीतीने मी ते तोंडातच दोनदा फिरवून बघायचे. तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. त्या ऋतूत तर सगळ्यांचा मला एकच प्रश्न. पुढे काय? जिन्यात, दुकानात, गॅलरीतून. एमएस्सी का, बँकेच्या परीक्षा का, की लग्न? मी हसायचे आणि खाली गाडीकडे निघून जायचे. तिथे मला कुणी पुढचं विचारत नव्हतं. तिथे फक्त पाडव्यापर्यंतचं होतं.

फेब्रुवारीत जुनं इंजिन साखळीच्या कप्पीने बाहेर काढलं. कप्पी खांबांवरच्या तुळईला अडकवल्यामुळे प्रधानकाका पायजम्यावर खाली आले आणि इंजिन जमिनीला टेकेपर्यंत, बिल्डिंग पडणार असेल तर आपण हजर असावं अशा चेहऱ्याने उभे राहिले. मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी जाड लोखंडी प्लेट बाबांच्या जुन्या सोबत्याने लेथवर करून दिली. ती पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदा बसली, पण मोटर फिरवली की अख्खी गाडी थरथरायची. बाबा मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून पेडल दाबायला सांगायचे आणि स्वतः मोटरवर तळवा ठेवून, डोळे मिटून बसायचे. तळव्याला जे कळायचं त्यावरून ते बोल्ट सैल करायचे, पातळ पत्र्याची पट्टी सरकवायचे, परत घट्ट करायचे. परत दाब. परत थांब. अशा संध्याकाळी मी किती दाबलं आणि सोडलं असेल. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि तळवा तसाच ठेवून म्हणाले, "दाब की." मी म्हटलं, "दाबलंय." मोटर फिरत होती. थरथर गेली होती.

मग बॅटऱ्या आल्या. ट्रकच्या, जुन्या, निवडून घेतलेल्या. काही पुढे, काही सीटच्या मागे. त्यांच्या आम्लाचे शिंतोडे उडायचे आणि दिसायचे नाहीत. दोन धुण्यांनंतर कपड्यांना बारीक भोकं पडायची. माझ्या सगळ्या पंजाबी ड्रेसच्या ओढण्यांची चाळण झाली. आईने आम्लावर टाकायला खायच्या सोड्याचा डबाच खाली नेऊन ठेवला आणि वर भज्यांच्या पिठात घालायला सोडा राहिला नाही म्हणून बाबांना ऐकवलं. चार्जिंगची वायर आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली असायची. ती लावली की दिवे मंद व्हायचे. वरच्या मजल्यावरची माणसं आपापल्या टीव्हीच्या मालिकेच्या वेळा आम्हाला सांगून गेली.

सुनंदामावशी हे सगळं पाटीशेजारी बसून बघायची. एकदा कोलंबी निवडता निवडता मला म्हणाली, "काय गो बाय, तुजे बापाची गारी कवा सुटंल?" मी म्हटलं, पाडव्याला. ती म्हणाली, "आन् आवाज कसा येत नाय तिचा? आमचे होरीचा मशीन कसा, गावाला कळतं कोन आला." मी सांगितलं की ही अशीच, आवाज न करता चालणार. त्यावर तिने कोलंबीचं डोकं उडवलं आणि म्हणाली, "मंग ती मानसाला दिसाची कशी?"

मला तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं.

गाडी चालू आहे की बंद, हे कळायला बाबांनी एक सोय केली होती. पेट्रोलची गाडी चालू झाली की सगळ्या अंगाला कळतं. ही किल्ली फिरवली तरी तशीच, मुकी. पेडल थोडं दाबलं की पुढच्या खोक्यातला एक मोठा स्विच आपोआप बसायचा आणि मोटरकडे करंट सोडायचा. तो बसताना "टक" असा आवाज यायचा. कोरड्या फांदीवर कुणी बोट वाजवावं इतकाच. मला तो ऐकू यायचा. बाबांना येत नव्हता. आमच्या देवघरात तांबडा झिरोचा दिवा असायचा, तसलाच एक लहान तांबडा दिवा त्यांनी स्टिअरिंगच्या मागे बसवला. किल्ली फिरवली की तो लागायचा. त्या दिव्यावर बाबांची सगळी भिस्त. आणि दोन सीटच्या मधे, लाकडी फळीवर, कारखान्यात असतो तसा दांड्याचा मोठा मेन स्विच. दांडा वर ओढला की सगळं बंद. बाबा म्हणाले, "तुझं काम एवढंच. काही झालं तर हा ओढायचा. मला विचारायचं नाही."

आम्ही गाडी पुढे-मागे करून पाहिली ती सगळी खांबांच्या मधे. संध्याकाळी, सावलीत. तिथे तो तांबडा दिवा छान दिसायचा. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की पाडवा सकाळी असतो.

मधेच सांगून टाकते, नाहीतर विचाराल. गाडी त्यानंतर दोन पावसाळे चालली. मग बॅटऱ्यांनी मान टाकली. आता बाबा कल्याणला एका मोटर वायंडिंगच्या दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगतात, इकडून बोला, या बाजूने. मी फिजिक्समध्ये बरे मार्क मिळवले, पुढे शिकले, नोकरीला लागले. यात सांगण्यासारखं काही नाही. माणसं भेटली की मी अजून वाक्य तोंडात एकदा तरी फिरवतेच. मार्च आला की मात्र या सगळ्याच्या आधीची ती सकाळ येते, आणि गच्चीवरच्या मुलीसारखी माझ्यात फेऱ्या मारायला लागते.

पाडव्याला सगळ्या खिडक्यांतून गुढ्या. वाऱ्याने खणांचे पदर सारखे फडफडत होते. गाडी आदल्या संध्याकाळीच खांबांतून बाहेर ढकलून ठेवली होती, गेटकडे तोंड करून. जमलेल्या लोकांत निम्मे गाडी बघायला आले होते आणि निम्मे ती न चालताना बघायला. प्रधानकाका सदऱ्यावर जाकीट घालून गेटपाशी उभे. ते निष्पक्ष होते आणि तसं दिसावं यासाठी सारखे घड्याळात बघत होते. वरून कुणीतरी विचारलं, धक्का मारायला माणसं हवीत का. बाबांना ते ऐकू आलं नाही. ते नवा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले होते. मी शेजारी, मेन स्विचच्या दांड्यापाशी. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

पूजेशिवाय गाडी हलणार नाही, हे आईने आधीच बजावलं होतं. ताटात हळद-कुंकू, नारळ, घंटा, लिंबं. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडून पाणी चाकांवर शिंपडलं. मग लिंबं घेऊन ती पुढच्या चाकाशी वाकली. गाडीचं पुढचं तोंड लांब, बसकं. ती वाकल्यावर आमच्याकडून तिचा फक्त खांदा दिसत होता.

आपण तयार असावं म्हणून बाबांनी गिअर टाकला आणि किल्ली फिरवली. दिव्याकडे पाहिलं. ऊन सरळ आमच्या तोंडावर होतं. त्या उन्हात तो दिवा विझलेलाच वाटत होता, मलाही. बाबांनी किल्ली मागे घेऊन परत फिरवली. परत पाहिलं. "करंट येत नाही," ते पुटपुटले, आणि कुठे वायर सुटलीय ते बघायला स्टिअरिंगखाली वाकले. वाकताना अंगाचा भार पेडलवरच्या पायावर आला.

टक.

मला आठवतं ते असं की तो आवाज ऐकल्यावर सगळं फार सावकाश झालं. वरच्या मजल्यावर कुणीतरी हसत होतं. बाबा अजून खाली वाकून वायर चाचपत होते. चाक फिरायला लागलं होतं आणि एकाही माणसाच्या चेहऱ्यावर ते फिरतंय असं नव्हतं, कारण गाडी चालू झाली की आवाज होतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी दांडा ओढला. निळी ठिणगी उडाली. आणि तोंडात न फिरवता माझ्यातून निघालं, "आई, हात काढ!"

बिल्डिंगने माझा आवाज त्याआधी ऐकला नसावा. वरचं हसणं थांबलं.

गाडी वीतभर पुढे जाऊन थांबली होती. आई मागे बसकण मारून बसली होती, हात छातीशी धरून. चाकाखाली लिंबाचा चेंदा आणि हिरव्या काचेचे तुकडे. तिने हात सरळ करून प्रत्येक बोट हलवून पाहिलं. एक ओरखडा. बांगड्या गेल्या होत्या.

"कुणी ढकललं?" प्रधानकाकांनी मागच्या लोकांकडे बघून विचारलं. कुणी ढकललं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

बाबा खालून वर आले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दांड्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी मला विचारलं, "चालू होती?"

"हो."

"तुला कसं कळलं?"

"टक वाजलं, बाबा."

त्यांनी समोर पाहिलं. इतकी माणसं, इतक्या खिडक्या. मला वाटलं आता ते काहीतरी बोलून वेळ मारून नेतील, वायर, दिवा, काहीही. ते उतरले, आईला हात देऊन उठवलं, आणि तिचा हात हातात असतानाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला ऐकू नाही आलं. मला ऐकू येत नाही."

आईने पदराने मनगट पुसलं. ती म्हणाली, "माहितीये मला." मग ताटाकडे बघून, "लिंबं अजून आहेत."

बाबा माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक."

मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले. पेडल माझ्या पायाला ओळखीचं होतं. बाबा शेजारी बसले आणि त्यांनी तळवा गाडीच्या तळाच्या पत्र्यावर ठेवला. प्रधानकाका पुढे आले आणि घसा साफ करून म्हणाले की हिच्याकडे लायसन्स आहे का, हाही प्रश्न आहे. आईने दुसरं लिंबू ठेवून, या वेळी चांगली लांब उभी राहून, त्यांना उत्तर दिलं. "मीटिंगमध्ये तुम्ही स्वतःच्या चाकांवर म्हणालात. चालवायचं कुणी, ते काही बोलला नाहीत."

प्रधानकाका गेटकडे वळले. मग गेटचा अडसर त्यांनी स्वतः काढला.

गाडीला आवाज नाही म्हणून लोक बाजूला होईनात. त्यांना कळेचना की ती येतेय. आईने ताटातली घंटा उचलली आणि गाडीच्या पुढे चालायला लागली. घंटेच्या मागे मी. मी मेन स्विच लावला, किल्ली फिरवली, दिव्याकडे न बघता पेडलवर पाय ठेवला. टक. लिंबू फुटलं. गेटचे खांब दोन्ही बाजूंनी आले आणि मागे गेले. मागून टाळ्या झाल्या, एका पोराने शिट्टी मारली, आणि बाबा तळवा पत्र्यावर ठेवून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

गेटबाहेर रस्ता होता. आमच्यापैकी कुणीच त्याचा विचार केला नव्हता. महिनोन् महिने आम्ही गाडी गेटपर्यंतच आणत होतो. आई रस्त्यावर थांबून मागे वळली आणि तिने विचारलं, "आता कुठं?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखलं असावं. ते म्हणाले, "तिला विचार. ती चालवतेय."

मी पाहिलं. डावीकडे स्टेशनकडे जाणारी गर्दी, रिक्षा, फुलांच्या माळांचे ढीग. उजवीकडे रस्ता खाडीकडे उतरत होता, रिकामा. मी उजवीकडे चाक वळवलं आणि आईला म्हटलं, "तू बस गाडीत. हात दुखत असेल."

जागा दोघांचीच. बाबा उतरले. आई अवघडून, साडी सावरत आत बसली आणि पहिल्यांदाच त्या गाडीच्या दाराला हात लावावा तसा तिने तो लावला. बाबांनी तिच्याकडून घंटा घेतली आणि पुढे चालायला लागले, घंटा वाजवत. ती किती मोठ्याने वाजतेय हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते फार जोरात वाजवत होते. रस्त्यावरची कुत्री उठून बाजूला झाली. कुणाकुणाच्या खिडक्या उघडल्या. मी त्यांच्या पाठीवर नजर ठेवून, अंतर सांभाळत, हळू हळू मागून चालवत राहिले. त्यांना मागचं काही ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी गाडीला आवाज नव्हता. खाडी दिसेपर्यंत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.